दोन पडदे आणि एक माणूस

चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘पडदा’ म्हटले की प्रथम आठवते ती झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळी सरली की गावोगावच्या मंडईच्या निमित्ताने नाटके सुरू होतात आणि रात्रभर रंगतात. राजवाड्याच्या प्रवेशाला राजवाड्याचा पडदा आणि वनातल्या प्रवेशाला वनाचा, एवढे दोरी धरणाऱ्याला ठाऊक असले की काम भागते. उलटसुलट झालेच, तर त्यात पात्राची चूक नाही, हे लहान पोरालाही कळते.

आता याच मुलखात दुसरे पडदे येऊन बसले आहेत. ते संगणकाचे. येथे मात्र भलताच पडदा पडला की समोर उभ्या असलेल्या माणसालाच अडाणी ठरवण्याची रीत पडली आहे. ही रीत अन्यायाची आहे, असे माझे म्हणणे आहे.

एकाला दुसरा कशाला?

घरी एक मॉनिटर पुरतो, मग दोन कशाला, असे गृहिणी विचारील. तिला एवढेच विचारावे, की पोळ्या लाटताना पोळपाट आणि तवा एकाच जागी ठेवून चालेल का?

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. आज या केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. एवढ्या मोठ्या कारखान्यात बाष्पक, टर्बाइन आणि जनित्र यांची खबर एकाच वेळी डोळ्यांपुढे हवी. ती एका चौकटीत मावत नाही.

ताडोबाचे पाहा. 1955 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील वाघ ओळखायचा तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. जुने छायाचित्र एका पडद्यावर आणि नवे शेजारच्या पडद्यावर ठेवले, तर ताडून पाहणे किती सोपे होते, हे सांगायला नको.

पण सर्वांत जास्त लोकांना दुसरा पडदा भेटतो तो वर्गात. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे आली. तेथे टेबलावरचा लॅपटॉप हा पहिला पडदा आणि प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेला उजेड हा दुसरा. विद्यार्थी निबंध वाचायला उभा राहतो, तार जोडतो, आणि भिंतीवर नुसते निळे आकाश दिसते! निबंध लॅपटॉपवरच राहिलेला असतो. मागच्या बाकावर खसखस पिकते आणि पोराचा घसा कोरडा पडतो.

यंत्राला न कळणारी गोष्ट

येथे थोडे यंत्राचे पोट उघडून पाहू. मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडला की तो तारेतूनच आपली ओळखचिठ्ठी संगणकाला देतो. मी अमक्या कंपनीचा, माझा आकार एवढा, मला इतक्या बारीक ठिपक्यांचे चित्र दाखवता येते, असा त्यातला मजकूर. पण एक गोष्ट त्या चिठ्ठीत कधीच नसते. ती म्हणजे मी टेबलावर डावीकडे आहे की उजवीकडे. ते फक्त खुर्चीवरच्या माणसाला दिसते. म्हणून यंत्राने माणसाला विचारावे लागते. सगळी सेटिंगची खिडकी म्हणजे हा एक प्रश्न आहे, आणि तो कसा विचारला यावर पुढचे सुखदुःख अवलंबून असते.

हा प्रश्न नवा नाही. ॲपल कंपनीच्या ‘मॅकिंटॉश टू’ने 1987 साली अनेक मॉनिटरांची सोय दिली. ‘विंडोज’मध्ये ती 1998 साली आली. तेव्हापासून चांगल्या रचनेचे काही नियम हळूहळू ठरत गेले आहेत.

पहिला नियम असा, की चित्र टेबलासारखे हवे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1988 साली रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात शेगडीचे उदाहरण आहे. चार बर्नर चौकोनात आणि चार खटके मात्र एका ओळीत! कोणता खटका कोणाचा? वर्षानुवर्षे स्वयंपाक करणारीही चुकते, आणि दोष स्वतःला देते. बर्नरांसारखेच खटके मांडले तर चूक होण्याचे कारणच उरत नाही. मॉनिटरांचेही तेच. खिडकीत दोन चौकटी दिसाव्यात आणि टेबलावर जसे असेल तसे त्या माउसने सरकवता याव्यात.

दुसरा नियम ओळखीचा. कळ दाबताच प्रत्येक पडद्यावर मोठा आकडा उमटावा, एकावर 1, दुसऱ्यावर 2. मग विचारपूस नको.

तिसरा नियम मला फार आवडतो. नवी मांडणी चुकून पडदाच काळा झाला, तर ‘रद्द करा’ ही कळ तरी दिसणार कशी? म्हणून चांगले यंत्र विचारते, ‘हे असेच ठेवू का?’ आणि पंधरावीस सेकंदांत उत्तर आले नाही, तर मुकाट्याने पूर्वीची मांडणी परत आणते. आपल्याकडे मौन हे संमतीचे लक्षण मानतात. येथे मौन म्हणजे नकार! घाबरलेल्या माणसाची इतकी काळजी घेणारे यंत्र पाहिले की रचनाकाराला नमस्कार करावासा वाटतो.

चौथा नियम सत्याचा. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रणकक्षातल्या दिव्यावरून मात्र ती बंद झाल्यासारखी वाटत होती, कारण दिवा ‘बंद हो’ हा हुकूम गेल्याचे सांगत होता, झडप खरोखर बंद झाल्याचे नव्हे. मोठा अपघात झाला. पडद्याच्या खिडकीनेही हुकूम सांगू नये, वस्तुस्थिती दाखवावी.

शब्दांचा प्रश्न

मराठीचा अध्यापक म्हणून मला पाचवा नियम सांगितलाच पाहिजे. शब्द साधे हवेत. गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलतात. सिरोंचाकडे तेलुगू आहे, काही वस्त्यांत बंगाली. इंग्रजी शब्द काढून त्याजागी जडजंबाल संस्कृत शब्द बसवला, तर भामरागडच्या पोराच्या पदरात काय पडले? ‘दोन्हीकडे एकच दाखवा’, ‘दोन्हीकडे वेगळे दाखवा’, ‘फक्त भिंतीवर दाखवा’ असे लिहिले आणि शेजारी लहानसे चित्र काढले, तर कोणालाही शिकवणी लागणार नाही.

हे सारे किरकोळ वाटेल. पण घरात शिकलेली पहिलीच पिढी जेव्हा वर्गापुढे उभी राहते, तेव्हा त्या दोन मिनिटांत तिचा आत्मविश्वास जमतो किंवा मोडतो. निळ्या भिंतीपुढे उभे राहून जो एकदा ‘मला हे जमणार नाही’ असे मनाशी म्हणाला, तो पुढच्या वेळी हात वर करत नाही.

तेव्हा संस्थाचालकांना एक सुचवावेसे वाटते. यंत्र विकायला आलेला माणूस स्वतःच सारे करून दाखवतो. त्याला हात लावू देऊ नये. एटापल्लीहून आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तार द्यावी आणि सर्वांनी गप्प बसून पाहावे. तो अडला, तर नापास यंत्र झाले, विद्यार्थी नव्हे.