घाटकोपर, गुंदवली, राष्ट्रीय उद्यान

गोवंडीच्या शिवाजीनगरच्या बस स्टॉपवर रविवारी सकाळी साडेआठलाच ऊन चढलंय. आजी इस्त्रीची पांढरी साडी नेसून कठड्यावर टेकल्यात. त्यांची सून डब्याची पिशवी दोन पायांत धरून उभी आहे, तिची सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा बस येण्याच्या दिशेनं सारखे डोकावतायत. शेजारची तरुण सूनही निघालीय, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. मुलांचे वडील सिक्युरिटीत आहेत आणि रविवारी त्यांची ड्युटी असते, म्हणून सोबतीला मी.

जायचंय बोरिवलीच्या नॅशनल पार्कला. मुलांना बिबट्या बघायचाय, आजींना कान्हेरीची लेणी. जालन्याहून मुंबईत आल्या तेव्हापासून त्या ‘कान्हेरीला बुद्ध आहे’ एवढं ऐकून आहेत.

नेहमीची वाट म्हणजे गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून बोरिवली. पण आज हार्बरला मेगाब्लॉक आहे. रुळांची, तारांची कामं कधीतरी करावीच लागणार आणि रविवारी गर्दी कमी म्हणून ती रविवारी होतात, हे मला कळतं. पण ती गर्दी ऑफिसला जाणाऱ्यांची असते. सहा दिवस घरात बसून इमिटेशनचे दागिने ओवणाऱ्या या बाईला मुलांना घेऊन बाहेर पडायला हाच एक दिवस मिळतो, आणि तिचा प्रवास त्या हिशोबात कुठेच धरलेला नाही.

बस येते. बसायला जागा आजींनाच मिळते. सून पर्समधून सुटे काढते. किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, एसी बसचं ६ वरून १२. एकट्यानं जाणाऱ्याला ते जाणवत नसेल, पण घर घेऊन निघालेल्या बाईला हा फरक प्रत्येक वेळी मोजावा लागतो.

खिडकीतून देवनारच्या कचऱ्याचा डोंगर दिसतो. १९२७ पासून शहराचा कचरा इथं येतोय. वास आत शिरतो तसा बाळाच्या तोंडावर पदर येतो. बाकी कोणी नाक मुरडत नाही. मुलगी मला विचारते, “ताई, फ्लेमिंगो याच्या मागेच येतात ना?”

येतात. या डोंगरामागे ठाणे खाडी आहे. २०१५ साली तिथं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फेब्रुवारीच्या या दिवसांत चिखलावर गुलाबी थवे उतरलेले असतात. पण ते बघायचे तर बोट मिळते खाडीपलीकडे, ऐरोलीला. मुलीचा जन्म इथलाच, आणि तिनं हे पक्षी फक्त मोबाइलवर पाहिलेत. एवढ्या जवळचं पाणी तिच्यापासून इतकं लांब ठेवलं गेलंय, याचा मला राग येतो.

घाटकोपरला उतरून मेट्रोसाठी पलीकडे जायचं. लिफ्ट कुठे आहे हे कोणाला विचारेपर्यंत गर्दी आम्हाला जिन्याच्या तोंडाशी आणून सोडते. आजी कठडा धरून चढायला लागतात. निम्म्यावर थांबतात, पायरीवरच बसतात. मागचे लोक “अहो मावशी, बाजूला” म्हणत वळसा घालून जातात.

“तुम्ही जा,” आजी म्हणतात. “अजून किती जिने आहेत कुणाला ठाऊक. माझ्यापायी पोरांचा दिवस नको बुडायला.”

सून काही बोलत नाही. मी लिफ्ट शोधते म्हणते, तोवर शेजारची सून बाळाला दुसऱ्या कडेवर घेते. “मी आजींना घरी घेऊन जाते. हे पण किरकिरायला लागलंय.” आजी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढून सुनेच्या हातात देतात आणि खाली उतरतात.

इतके दिवस मी जंगल किती किलोमीटरवर आहे, असंच विचारत आले. त्या जिन्यावर मला दिसतं की मोजायला हवेत ते गाडीबदल. जिथं जिथं उतरून पुन्हा चढायचं, तिथं तिथं कोणीतरी गळतं. आधी गुडघे दुखणारी म्हातारी, मग तान्हं बाळ आणि त्याची आई. कुबड्या घेतलेला माणूस तर घरातून निघतच नाही, त्यामुळे तो गळालेलाही कोणाला दिसत नाही.

मेट्रोच्या खिडकीवर मुलाला उंचीच्या खुणेशी उभं करतात. ९० सेंटीमीटर तो केव्हाच ओलांडून गेलाय. लोकलमध्ये याच्या वयाला अर्धं तिकीट लागतं, इथं पूर्ण. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला उतरून पुलावरून गुंदवलीला जायचं, तिथं पुन्हा खिडकी, पुन्हा तिकिटं. सून नोटा मोजून झाल्यावर पर्स बंद करत नाही, तशीच हातात धरून चालते.

गुंदवलीहून गाडी मात्र सुरेख धावते. सगळा मार्ग वरून आहे. मागाठाण्याच्या पुढे उजवीकडे इमारतींच्या फटीतून हिरवं दिसायला लागतं आणि मुलगा काचेला नाक लावतो. पुढे स्टेशनचं नावच ‘राष्ट्रीय उद्यान’. उद्घोषणा ऐकून बहीणभाऊ एकमेकांकडे बघून हसतात. जंगलाच्या नावाचं स्टेशन शहराला मिळालं, ही खरोखर चांगली गोष्ट झालीय. शिवाजीनगरहून निघालेलं माणूस त्या स्टेशनापर्यंत सलग पोचेल, एवढंच करायचं राहिलंय.

गेटाशी पोचतो तेव्हा सव्वाअकरा झालेत. आत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान आहे, कान्हेरी त्यात सहाएक किलोमीटर आत. गाडीच्या रांगेत उभं राहायचं. रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या वारली बाया बोरं आणि काकड्या घेऊन बसल्यात. सून बोरं घेते आणि विचारते, “तुम्ही इथवर कशा येता?” “चालत,” ती बाई सांगते आणि मूठभर बोरं वर घालते.

वाटेत काटेसावर फुललीय, एकही पान नाही, नुसती लाल फुलं. मुलगी पहिल्यांदा गप्प बसते.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना दोन बुद्ध उभे आहेत, माणसाच्या तिप्पट-चौपट उंच. सून चपला लांब काढते, हात जोडते, मुलांनाही जोडायला लावते आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणते. उदबत्ती लावायला परवानगी नाही, पुडा पिशवीतच राहतो.

मुलं वर पळतात. कातळात कोरलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, जागोजागी आहेत, डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत आणलेलं. “यांच्याकडे नळ घरातच होता,” मुलगा म्हणतो. त्याच्या गल्लीत पाण्याचे ड्रम भरून ठेवतात. भिंतींवर ब्राह्मीतले लेख आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या लोकांनी इथं दानं दिली, ती त्यांत नोंदवलीत. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी एवढ्या लांबून या डोंगराशी नातं ठेवून होत्या, असं मी मुलीला सांगते. ती विचारते, “त्यांना किती वेळ लागायचा?”

तीन वाजता सून घड्याळ बघते. अंधाराआधी घरी पोचून स्वयंपाक करायचाय आणि उलटा प्रवासही तेवढाच आहे. बिबट्या बघायचा राहिला. मुलगा रडवेला होतो, पण हट्ट करत नाही.

परतीच्या गाडीच्या रांगेत आमच्यापुढे मालवणीहून आलेल्या दोघी आहेत, चार पोरांसह. त्यांतल्या एकीची बहीण मानखुर्दला राहते, तिला पुढच्या रविवारी आणायचंय. आमची सून डबा मुलीकडे देते आणि सांगायला लागते. “ब्लॉक असला तर लोकलच्या नादी लागू नका. घाटकोपरपर्यंत बस, मग मेट्रो. हायवेला उतरा, पुलावरून गुंदवली.” ती बाई फोन पुढे धरते, “थांबा, यात बोला.” सून फोन तोंडाशी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगते. “आणि म्हातारं माणूस असलं, तर घाटकोपरला उतरल्या उतरल्या आधी लिफ्ट विचारा. जिना चढायला लागू नका. सुटे पैसे भरपूर ठेवा. आणि सातलाच निघा, साडेआठला नको.”