एक गुन्हा, दोन प्रकारच्या रहस्यकथा

जयपूर : शहराच्या माथ्यावरील नाहरगडाला भारतीय गुप्तहेरकथेत मानाचे स्थान आहे, ते सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’मुळे. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या मुकुलला राजस्थानात आणणारे डॉ. हाजरा कड्यावरून ढकलले जातात. कादंबरीचा निवेदक गुप्तहेर फेलुदाचा चुलतभाऊ तोपशे आहे. त्याला कळते तेवढेच वाचकाला कळते. ही निखळ शोधकथा. 1974च्या चित्रपटात मात्र राय यांनी नाहरगडावरील तो प्रसंग थेट दाखवला. खलनायक प्रेक्षकाला ठाऊक, फेलुदाला नाही. त्यामुळे ‘कोणी केले’ हे कुतूहल मागे पडून मुकुलच्या जिवाचा घोर लागतो. शोधकथा अशी थरारकथा झाली.

टार्क्विन हॉल यांच्या ‘द केस ऑफ द मिसिंग सर्व्हंट’ (2009) या कादंबरीत जयपूरच्या एका वकिलावर बेपत्ता मोलकरणीच्या खुनाचा आरोप येतो. दिल्लीचा गुप्तहेर विश पुरी याच्या हाती तिचे ‘मेरी’ एवढेच नाव असते. बाबूराव अर्नाळकरांच्या वेगवान झुंजारकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा तपास कदाचित संथ वाटेल. पण येथे मारेकऱ्याआधी शोधायची आहे ती घरात राबूनही अनोळखी राहिलेली ती मुलगी.