बाबा बाकावर बसून होते: तुलना करताना एकक कसं ठरवायचं

मागच्या लेखानंतर तिघाचौघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. "तुलनात्मक अभ्यास करायचाय, पण तुलना नेमकी कशाची करायची तेच ठरत नाही." याचं उत्तर मी रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकातून देणार होते. पण मध्ये आई-बाबा चार वर्षांनी माझ्याकडे कोलंबसला आले, ताई न्यू जर्सीहून भाचीला घेऊन आली, आणि हे उत्तर मला अम्युझमेंट पार्कमध्ये सापडलं. एक अख्खा दिवस वाया घालवून.

ओहायो आणि शेजारचं पेनसिल्व्हेनिया म्हणजे रोलर कोस्टरवाल्यांची पंढरी. डिस्नेसारखी जगभरातून माणसं खेचणारी ही पार्क नाहीत. दोन-चार तासांच्या अंतरावरची कुटुंबं गाडी काढून येतात, संध्याकाळी परत जातात. म्हणून यांना प्रादेशिक पार्क म्हणतात. ईरी सरोवराच्या काठावरचं सीडर पॉइंट 1870 पासून आहे. सिनसिनाटीजवळचं किंग्ज आयलंड 1972 चं. पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्ग गावाजवळ झाडीत लपलेलं कनोबल्स 1926 चं. यादीत आणखीही होती. सगळ्यांना घेऊन जायचं तर कुठं?

पीएचडी करणारी मुलगी काय करणार? एक्सेल उघडलं. उंची, वेग, कोस्टरची संख्या, तिकीट, अंतर असे पाच रकाने केले. प्रत्येक आकडा 0 ते 1 मध्ये बसवला, वेटेज दिलं, बेरीज केली. पहिलं आलं त्या पार्कची तिकिटं काढली. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण चूक पार्कची नव्हती, माझी होती.

गेटपाशीच कळलं की भाचीची उंची 46 इंच आहे आणि ज्या राइड्सच्या जोरावर ते पार्क माझ्या यादीत पहिलं आलं, त्यांना किमान 48 किंवा 52 इंच लागतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईनं पहिला कोस्टर बघितला आणि "मी नाही बाई" म्हणून मोकळी झाली. मी आणि ताई आलटूनपालटून रांगेत, भाची रडवेली, आणि बाबा सकाळपासून एका बाकावर पिशव्या सांभाळत. हे तेच बाबा, ज्यांनी आम्हाला लहानपणी गोराईच्या बोटीतून एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. 1989 मध्ये सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद पडलं. पण तेव्हाही बाबा पिशव्याच सांभाळत होते का, हे मला आठवेना. याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन एक्सेल पुन्हा बघितलं. पहिली गफलत साधी होती, आणि ती थिसिसमध्येही सर्रास होते. उंची आणि वेग हे दोन वेगळे व्हेरिएबल नाहीतच! सीडर पॉइंटचा मिलेनियम फोर्स घ्या. 2000 साली सुरू झाला, 310 फूट उंच, त्यातला उतार 300 फुटांचा, म्हणजे साधारण 91 मीटर. घर्षण सोडून दिलं तर तळाशी वेग किती? 2 गुणिले 9.8 गुणिले 91, त्याचं वर्गमूळ. सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी 152 किलोमीटर. प्रत्यक्षात जाहीर वेग आहे ताशी 93 मैल, म्हणजे 150 किलोमीटर. अकरावी-बारावीच्या फिजिक्सने आकडा इतका जवळ येतो, कारण साखळीने किंवा केबलने वर ओढून सोडून दिलेल्या डब्यांचा वेग उंचीतूनच येतो. मी मात्र उंचीला एकदा आणि वेगाला एकदा मार्क दिले होते. एकाच गोष्टीला दोनदा. ज्या पार्कमध्ये उंच कोस्टर जास्त, ते आपोआप वर गेलं. तुमच्या इंडेक्समध्ये "उत्पन्न" आणि "मालमत्ता" शेजारी शेजारी असतील तर एकदा त्यांचा कोरिलेशन तपासा.

दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. मी ऑनलाइन रेटिंगही बघितली होती. कनोबल्समधला फिनिक्स हा लाकडी कोस्टर जेमतेम 78 फूट उंच. मूळचा टेक्सासचा, तिथून सुटा करून आणला आणि 1985 मध्ये इथं पुन्हा उभारला. आकड्यांत त्याला कोणी विचारणार नाही. पण अम्युझमेंट टुडे नावाचं या धंद्यातलं वृत्तपत्र 1998 पासून गोल्डन तिकीट पुरस्कार देतं, त्यात 2018 साली सर्वोत्तम लाकडी कोस्टर ठरला हाच. मग हे मत खरं धरायचं का? अडचण अशी की एलिसबर्गसारख्या आडगावी मुद्दाम कोण जातं? ज्याला आवडण्याची शक्यता आधीच जास्त आहे तो. याला सिलेक्शन बायस म्हणतात.

यावरचा एक झकास उपाय कोस्टरवेड्यांनीच वापरला. मिच हॉकर यांच्या पोलमध्ये सरासरी रेटिंग काढतच नव्हते. कोस्टरच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत फक्त दोन्हींवर बसलेल्या माणसांची मतं मोजायची. समजा, "क" वर हजार जण बसले, सरासरी 8. "ख" वर चाळीसच बसले, सरासरी 9. सरासरीने "ख" जिंकतो. पण दोन्हींवर बसलेले तीस जण शोधले आणि त्यातल्या अठरा जणांना "क" जास्त आवडला असेल, तर उत्तर उलटं. दोन कॉलेजांच्या, दोन दवाखान्यांच्या, दोन बँकांच्या तुलनेत हे जमत असेल तर जरूर करा. दोन्ही अनुभवलेली माणसं कमी मिळतात, पण त्यांचं मत सोन्यासारखं असतं. फक्त एक विसरू नका: दोन्हीकडे जाणारा माणूस हा फिरस्ता असतो. तो सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून आलेला नसतो.

आणि खरी चूक नेमकी तिथंच होती. माझ्या एक्सेलच्या प्रत्येक ओळीत "पार्क" होतं आणि प्रत्येक मार्क एका काल्पनिक, धडधाकट, एकट्या माणसाने दिलेला होता. जाणार होतं पाच जणांचं कुटुंब. अभ्यासाचं एकक, ज्याला आपण युनिट ऑफ अॅनालिसिस म्हणतो, तेच चुकलं होतं. एकक बदललं की व्हेरिएबलही बदलतात. कोस्टरची संख्या मागे पडते आणि "पाचांपैकी किती जण यावर बसू शकतात" हे पुढे येतं. रांगेचंही तसंच. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम इथं कामाला येतो: रांगेतली माणसं भागिले तासाला जाणारी माणसं म्हणजे थांबण्याचा वेळ. तासाला 1,300 माणसं नेणाऱ्या कोस्टरपुढे 1,300 जण उभे असतील तर एक तास, आणि राइड दोन-अडीच मिनिटांची. एकट्याचा एक तास जातो. कुटुंबातले दोघं रांगेत आणि तिघं बाहेर असतील तर पाच तास गेले, पाच माणसांचा एकेक. हा हिशोब माझ्या एक्सेलमध्ये कुठंच नव्हता. (बऱ्याच पार्कमध्ये पेरेंट स्वॉप असतो. एक जण राइड करून आला की मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आम्हाला हे संध्याकाळी कळलं.)

माझा थिसिस शहर बससेवेवर आहे. मार्गांचा सरासरी वेग काढून क्रमवारी लावलेलं प्रकरण त्याच आठवड्यात गाईडकडून परत आलं होतं. समासात एकच ओळ: बस वेगात गेली हे कळलं, घरातलं कोण कुठं पोचलं? दोन दिवस मला ही टीका अन्यायाची वाटली होती.

दुसऱ्यांदा आम्ही किंग्ज आयलंडला गेलो. तिथं द बीस्ट आहे, 1979 चा, 7,361 फूट लांबीचा, जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर. त्यावर मी आणि ताई आळीपाळीने बसलोच. पण निवड केली ती लहान मुलांच्या विभागामुळे (गोल्डन तिकीटमध्ये त्याने वर्षानुवर्षं पहिला नंबर घेतलाय), वाफेच्या इंजिनाच्या छोट्या रेल्वेमुळे आणि 1926 च्या जुन्या कॅरोसेलमुळे. यावेळी मी मोजमापही केलं. जेन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या निरीक्षणपद्धतींवर एक लेख लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्यातली एक पद्धत अशी: ठरावीक वेळाने कळपावर नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते लिहायचं. ऑल्टमन बबून माकडांचा अभ्यास करायच्या. मी आमच्या घरच्या कळपावर तोच प्रयोग केला. दर अर्ध्या तासाला, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, पाच जणांच्या मिळून 90 नोंदी. तीन कोड: मजा, रांग, नुसतं थांबणं. चौथ्या नोंदीला आई म्हणाली, "तू फिरायला आलीस की हजेरी घ्यायला?" निरीक्षकामुळे वर्तन बदलतं, ते असं.

आकडे आधीच्या खेपेपेक्षा बरे आले. पण ते छापण्यासारखे नाहीत. पहिल्या खेपेच्या नोंदी मी घरी आल्यावर फोटोंच्या वेळा बघून, आठवून लिहिल्या होत्या. एक दिवस आठवणीतून आणि एक दिवस प्रत्यक्ष निरीक्षणातून, ही तुलना परीक्षक दोन मिनिटांत मोडून काढेल.

त्याहून मोठा घोळ रात्री उघड झाला. दुपारी आम्ही बाहेर गाडीपाशी जाऊन सावलीत थालीपीठ-दही खाल्लं होतं. तिथल्या नोंदी मी "नुसतं थांबणं" मध्ये टाकल्या होत्या, कारण राइड चालू नव्हती. जेवताना आईला विचारलं, आज सगळ्यात बरं काय वाटलं? म्हणाली, "ते दुपारचं. तुम्ही दोघी बहिणी कित्येक वर्षांनी माझ्यासमोर बसून भांडलात." मग धीर करून बाबांना पहिल्या पार्कबद्दल विचारलं. ते म्हणाले बाक चांगला होता, शेजारी एक आजोबा येऊन बसले, त्यांचा मुलगाही आत गेला होता, इंग्रजी थोडं थोडं जमलं. "पण ऊन फार होतं," ते म्हणाले. "आणि तुला परत यायला दोन तास लागले."

म्हणजे माझा कोडच चुकीचा होता, आणि पूर्ण चुकीचाही नव्हता. बाकावर बसणं हा एकच कोड होऊ शकत नाही. सावलीतला बाक वेगळा, उन्हातला वेगळा, सोबतीचा वेगळा. हे ठरवायला निरीक्षण पुरत नाही, विचारावं लागतं. बसच्या प्रकरणात मी आता घरटी वेळापत्रकासोबत एक प्रश्न जोडलाय: या वाट बघण्यातला कोणता वेळ तुम्हाला जड गेला? त्याआधी कोडबुक दोन घरांवर तपासून घेतेय. तुम्हीही कोड ठरवलेत की डेटा गोळा करायच्या आधी दोन-तीन माणसांना ते दाखवा. नंतर 90 नोंदी पुन्हा कोड करणं ठीक, 900 करताना जीव जातो.

कनोबल्स राहिलं. कोलंबसहून सहाएक तास लागतात, म्हणून एक्सेलमध्ये ते तळाला होतं. पण तिथं आत जायला आणि पार्किंगला पैसे नाहीत, राइडमागे तिकीट घ्यायचं. एकरकमी तिकिटाच्या पार्कमध्ये न बसणाराही प्रवेशाचे पैसे मोजतो, इथं बाबांचा खर्च शून्य. कुटुंब हे एकक धरलं की हा फरक केवढा मोठा होतो बघा. आई-बाबांचं परतीचं विमान पुढच्या महिन्यात आहे. काल बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आत जायला पैसे नाहीत ना? मग चल, बसायलाच जाऊ."