पावलं मोजली, श्रम राहिले

फोन दिवसाअखेरी ‘320 कॅलरी खर्च’ असं सांगतो, पण त्याने कॅलरी मोजलेल्या नसतात. शरीराने किती ऊर्जा जाळली हे कळायला श्वासावाटे किती ऑक्सिजन वापरला गेला, ते पाहावं लागतं. एका लिटरमागे साधारण 5 किलोकॅलरी. फोनमधला त्वरणमापक फक्त तीन दिशांचे हेलकावे टिपतो. त्यावरून ॲप पावलं आणि वेग ठरवतं, मग कोष्टकातला त्या हालचालीचा ‘मेट’ घेऊन तुमच्या वजनाने आणि वेळेने गुणतं. 1 मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च, दर किलोला तासाला 1 किलोकॅलरी. हा पायाच कच्चा आहे. 2005 मध्ये संशोधक बायर्न आणि सहकाऱ्यांनी 769 प्रौढ तपासले, तेव्हा सरासरी 0.84 च भरली.

यावर हमखास म्हटलं जातं की चूक रोज सारखीच असेल, तर कालची आणि आजची तुलना करता येईलच. रोज त्याच रस्त्याने, फोन त्याच खिशात ठेवून चालणाऱ्यापुरतं ते खरं आहे. पण भरलेली कळशी कमरेवर घेऊन येणारी बाई आणि तेवढीच पावलं रिकाम्या हाताने टाकणारी बाई फोनला जवळपास सारखीच दिसते. काही फोनमधला वायुदाबमापक जिन्याची उंची ओळखतो. ओझं मात्र कोणालाच दिसत नाही. मनगटी घड्याळ यातून सोडवेल, ही आशाही फारशी टिकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये अशी सात मनगटी उपकरणं तपासली. त्यातल्या सहांची हृदयगती 5 टक्क्यांच्या आत बरोबर आली, पण ऊर्जेच्या अंदाजात सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं. एवढ्या फरकाने वरचे 320 कुठेतरी 230 ते 410 च्या दरम्यान असू शकतात. त्या भरवशावर जास्तीची पोळी वाढून घेण्यात अर्थ नाही.

खरी वाट पायाकडे जाते. चालताना ऊर्जा खातात ते मुख्यतः पायांचे मोठे स्नायू. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी 2021 मध्ये मांडी आणि नडगीवर संवेदक बांधले, तेव्हा चूक 13 टक्क्यांवर आली. पँटच्या खिशातला फोन मांडीलगतच असतो, त्यामुळे ही पद्धत त्याच्या आवाक्यातली आहे. पण साडीला खिसा नसतो. फोन पर्समध्ये किंवा ओट्यावर राहतो, आणि केर-फरशी, धुणं, पाणी भरणं यांतलं बरंच काही हिशेबाबाहेर जातं. जास्त राबणाऱ्यांचाच आकडा असा जास्त चुकतो, आणि मला हाच या तंत्राचा सर्वांत मोठा दोष वाटतो. पडताळणीची सोय आहे: जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून, एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून, घरच्या घरी वावरणाऱ्या माणसाचा खरा खर्च काढता येतो. ॲप बनवणाऱ्यांनी ही चाचणी आधी या बायकांसोबत करावी.