तरत्या तेल-उत्पादन जहाजांचे गंजापासून संरक्षण

समुद्रात एकाच जागी नांगरून खनिज तेल व नैसर्गिक वायू यांवर प्रक्रिया करणाऱ्या आणि तेल साठवणाऱ्या जहाजास तरते उत्पादन जहाज किंवा एफपीएसओ म्हणतात. अशा जहाजाचे पोलाद खाऱ्या पाण्याने झिजू नये म्हणून केलेल्या उपाययोजनेला गंज-संरक्षण किंवा संक्षारण-संरक्षण असे म्हणतात. मालवाहू जहाज ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत आणून खरवडता व रंगवता येते. उत्पादन जहाज मात्र नळ्यांद्वारे तेलविहिरींना जोडलेले असते. ते हलविल्यास उत्पादन थांबते. त्यामुळे अनेक वर्षे गोदीत न जाता टिकेल असे संरक्षण त्याला आरंभीच द्यावे लागते.

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी अंतरावरील मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. तेथील बहुतेक काम समुद्रतळावर रोवलेल्या पोलादी प्लॅटफॉर्मवरून चालते. त्याच्याही पलीकडील डी-१ या क्षेत्रात ओएनजीसीसाठी ‘आर्मडा स्टर्लिंग’ हे तरते उत्पादन जहाज २०१३ पासून वापरात आले.

तेल-वायूच्या नळीला गळती लागल्यास काय होते, हे २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ येथे दिसले. एका साहाय्यक जहाजाच्या धडकेने वायुनलिका फुटून आग लागली आणि २२ जणांचा बळी गेला. या दुर्घटनेचे कारण गंज नव्हे. परंतु गंजाने पातळ झालेली नळीही अशाच गळतीस कारणीभूत ठरू शकते. म्हणून गंज-संरक्षण हा केवळ खर्चाचा नव्हे, तर जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न मानला जातो.

गंजण्याची क्रिया

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असल्यामुळे ते विजेचे चांगले वाहक असते. पोलादाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. या जागेस धनाग्र म्हणतात. हे इलेक्ट्रॉन जेथे पाण्यातील ऑक्सिजन स्वीकारतो, त्या जागेस ऋणाग्र म्हणतात. लाटांचे तुषार उडणाऱ्या पट्ट्यात ओलावा, क्षार व ऑक्सिजन हे तिन्ही मुबलक असल्याने तेथे झीज सर्वाधिक होते.

लेपन

संरक्षणाचा पहिला थर रंगाचा असतो. पोलादावर कठीण कणांचा मारा करून ते स्वच्छ केले जाते व त्यावरील क्षार धुऊन काढले जातात. क्षार राहिल्यास रंगाखाली फोड येतात. त्यानंतर इपॉक्सी रंगाचे थर दिले जातात. जहाजांच्या समुद्रजल-टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये स्वीकारलेल्या मानकात ३२० मायक्रॉन जाडीचा लेप व १५ वर्षांचे अपेक्षित आयुष्य धरले आहे.

ऋणाग्र संरक्षण

रंग कोठे तरी खरवडला जातोच. अशा उघड्या जागेसाठी दुसरा उपाय योजतात. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी पत्र्यावर ओरखडा पडला तरी तेथे लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त आधी झिजते. याच तत्त्वावर जहाजाच्या बुडाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात. त्यांना त्यागी धनाग्र म्हणतात. एक किलो ॲल्युमिनियम मिश्रधातू जस्ताच्या सुमारे तिप्पट विद्युतभार पुरविते. दुसऱ्या पद्धतीत न झिजणाऱ्या धनाग्रातून बाहेरची एकदिश वीज सोडली जाते.

सिल्व्हर क्लोराइड संदर्भ-अग्राच्या तुलनेत पोलादाचा विभव सुमारे −०.८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण झाला, की ते संरक्षित समजले जाते. मात्र −१.१० व्होल्टच्या पलीकडे गेल्यास रंग सुटू लागतो व अतिबळकट पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकते.

या पद्धतीचा मूळ प्रयोग हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमारी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर केला. झीज थांबली; पण विरघळणारे तांबेच सागरी जीवांना दूर ठेवीत असल्याने पत्र्यांवर शेवाळ व कवचधारी जीव वाढले आणि जहाजे मंदावली.

टाक्या, नळ्या व साखळ्या

ऋणाग्र संरक्षण पाण्यात बुडालेल्या भागातच काम करते. टाकी रिकामी असताना किंवा तिच्या वरच्या मोकळ्या भागात केवळ रंगाचाच आधार असतो. कच्च्या तेलाच्या टाकीत तळाशी खारे पाणी साचते व त्यात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करणारे जिवाणू वाढतात. त्यामुळे तळाच्या पोलादात खोल खड्डे पडतात. तेलासोबत येणारा कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळून नळ्या आतून झिजवितो; तेथे गंजरोधक रसायने सोडली जातात. नांगराच्या साखळ्या घर्षणाने व गंजाने झिजणार हे गृहीत धरून मुळातच अधिक जाड घेतल्या जातात.

तपासणी

जहाज जागेवरच असताना पाणबुडे किंवा दूरनियंत्रित पाणयाने बुडाची पाहणी करतात, विभव मोजतात आणि स्वनातीत लहरींनी पोलादाची उरलेली जाडी तपासतात. भारतात या विषयाशी संबंधित कार्य ओएनजीसीच्या पनवेल येथील अभियांत्रिकी व महासागर तंत्रज्ञान संस्थेत चालते. वरीलपैकी कोणताही एक उपाय पुरेसा नसतो. रंग उडाला तर धनाग्र, धनाग्र संपले तर पोलादाची राखीव जाडी, अशी ही साखळी असते. आणि त्यातील कोणता दुवा संपत आला आहे, हे तपासणीतच कळते.