पेशीच्या उपवासाची साठ वर्षं

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरात दिंड्या येतात. कुशावर्तावर स्नान, समाधीचं दर्शन, मग भगर आणि दाण्याची आमटी. अलीकडे या उपवासाला एक नवा शब्द चिकटला आहे: ऑटोफॅजी. ‘एकादशीलाच नोबेल मिळालं’ असा संदेश मोबाइलवर फिरतो. खरी कहाणी त्याहून मोठी आहे.

१९६३ मध्ये ख्रिस्तियन द दुव यांनी ऑटोफॅजी हे नाव दिलं. पेशी आपलेच जीर्ण भाग पडद्यात गुंडाळते, पचवते आणि सुटलेला माल पुन्हा वापरते. योशिनोरी ओसुमी यांनी १९९०च्या दशकात यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून त्यामागची जनुकं शोधली. २०१६चं नोबेल त्यासाठी मिळालं.

कर्करोगाचा शोध वेगळ्या वाटेनं चालला होता. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. १९७९ मध्ये सापडलेलं पी५३ दहा वर्षं कर्करोग वाढवणारं मानलं गेलं; १९८९ मध्ये कळलं, ते तर गाठ रोखणारं जनुक आहे.

दोन्ही वाटा १९९९ मध्ये एकत्र आल्या. बेथ लेव्हिन यांनी दाखवलं की ऑटोफॅजी चालवणारं बेक्लिन-१ हे जनुक गाठीची वाढ रोखतं. २००३ मध्ये त्याची एक प्रत काढलेल्या उंदरांना गाठी झाल्या. पीटेन हे जनुक वाढीचा संदेश दाबून ही सफाई मोकळी करतं. पी५३ मात्र दुहेरी वागतं: केंद्रकात असताना सफाईला चालना देतं, पेशीद्रवात असताना तिला आवर घालतं, हे २००८ मध्ये दिसलं.

सफाई थांबली की बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया साचतात आणि डीएनएला इजा होते. पण गाठ एकदा वाढली की तीच सफाई कर्कपेशीला उपासमारीत जगवते. रखवालदारच चोराला शिदोरी देतो, तसं हे आहे. म्हणून ऑटोफॅजी वाढवावी की रोखावी, याचं सगळ्या कर्करोगांना लागू पडेल असं एक उत्तर नाही.

एकादशी श्रद्धेनं जरूर करा. पण उपवास हा कर्करोगावरचा इलाज नाही. अंगावर गाठ जाणवली तर आधी तपासून घ्या. आणि उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचंही जेवण सोडू नका.