रामेनचे गाव कोण ठरवते?

एखाद्या प्रांताचा पदार्थ म्हटला की आपण आधी तिथल्या मातीचा विचार करतो, मग त्या मातीतल्या पिकाचा आणि शेवटी ताटाचा. जपानमधल्या रामेनच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला आहे. क्यूशू बेटावरच्या फुकुओका शहरातले हाकाता रामेन आज जगभर पोचले आहे. डुकराची हाडे मोठ्या आचेवर तासन्‌तास उकळून केलेले पांढरेशुभ्र, दाट सूप आणि त्यात बारीक, सरळ नूडल्स असे त्याचे रूप. हे रूप विसाव्या शतकाच्या मध्याला घडले. मात्र या नूडल्ससाठी खास गव्हाचे वाण फुकुओका प्रांताच्या कृषी संशोधकांनी तयार केले ते एकविसाव्या शतकात, आणि 'रा-मुगी' या नावाने ते बाजारात आले. म्हणजे पदार्थ आधी नावारूपाला आला, मग त्याच्यासाठी शेत पेरले गेले. जपानच्या गावोगावच्या रामेनकडे पाहताना हे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रामेनला गाव मिळाले ते मातीमुळे नव्हे, तर त्या गावातल्या कामधंद्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. कोणते कामगार भुकेले होते, कोणता माल स्वस्तात मिळत होता आणि नूडल्स कोण बनवून देत होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून एकेक वाडगा घडला. म्हणूनच तो कुठे खावा, या प्रश्नाचे उत्तरही त्या धंद्याच्या जवळपासच सापडते.

मुळात हा पदार्थ बंदरांतून आला. १८५९ साली योकोहामा, नागासाकी आणि हाकोदाते ही बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली आणि चिनी व्यापाऱ्यांबरोबर त्यांचे आचारीही आले. १८८४ मध्ये हाकोदातेच्या वर्तमानपत्रात एका खानावळीने 'नानकिन सोबा'ची, म्हणजे चिनी नूडल्सची, जाहिरात दिली होती. १९१० साली ओझाकी कानइची या योकोहामाच्या कस्टम्समधल्या माजी अधिकाऱ्याने तोक्योच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' काढले आणि योकोहामाहून चिनी आचारी आणून ठेवले. १९२२ मध्ये साप्पोरोत विद्यापीठाजवळ 'ताकेया' सुरू झाले. १९२० च्याच दशकात फुकुशिमा प्रांतातल्या किताकाता गावात चीनच्या झेजियांग प्रांतातून आलेला एक तरुण हातगाडीवर नूडल्स विकू लागला. तेव्हाचे हे सगळे वाडगे ढोबळमानाने एकाच घराण्यातले होते: पातळ सूप, सोया सॉस किंवा मीठ, आणि गव्हाच्या पिवळसर नूडल्स. त्यांच्यात ठळक प्रांतभेद पडले ते मुख्यतः युद्धानंतर.

१९४५ साली जपान हरला. त्यानंतर कोरिया, मांचुरिया, चीन आणि इतर मुलखांतून सुमारे साठ लाख जपानी सैनिक आणि नागरिक मायदेशी परतले. तांदळाचे पीक बुडाले होते, रेशन अपुरे होते आणि अमेरिकेतून गहू येत होता. परतलेल्यांपैकी अनेकांच्या जिभेला चिनी नूडल्सची ओळख झाली होती, आणि हातगाडी लावायला फारसे भांडवल लागत नव्हते. या काळातल्या दुकानांची स्थापनावर्षे शेजारी शेजारी ठेवली तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. आसाहिकावाचे 'हाचिया' आणि 'आओबा', तोयामाचे 'ताइकी', ओनोमिचीचे 'शुकाएन' ही आपापल्या गावाच्या रामेनची मूळपीठे मानली जातात, आणि ती सगळी १९४७ ची आहेत. चार दुकाने, तीन गावे, एकमेकांपासून शेकडो मैल दूर. ज्यांना आज 'परंपरा' म्हणतात त्या एकाच टंचाईच्या वर्षी जन्मल्या.

तरीही त्या एकसारख्या का झाल्या नाहीत? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर निइगाता प्रांतातल्या त्सुबामे-सांजो भागात मिळते. हा धातुकामाचा मुलूख. त्सुबामेचे काटे-चमचे जगभर निर्यात होत. मागणी वाढली तेव्हा कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि जेवण जवळच्या दुकानांतून मागवले जाई. वाडगा कारखान्यात पोचेपर्यंत नूडल्स फुगून लगदा व्हायच्या आणि सूप निवायचे. दुकानदारांनी त्यावर तोड काढली. नूडल्स जपानी उदोनइतक्या जाड केल्या, म्हणजे त्या लवकर फुगत नाहीत. वर डुकराच्या पाठीची चरबी जाळीतून झटकून तिचा पांढरा थर दिला, म्हणजे वाफ कोंडून राहते. घामाने अंगातले मीठ गेलेल्या माणसांसाठी सुक्या मासळीचे सूप चांगलेच खारे ठेवले आणि चरबीला उतारा म्हणून कच्चा कांदा चिरून घातला. 'कोशू हानतेन' या दुकानात आजही हा वाडगा मिळतो, आणि त्यातला एकही घटक केवळ हौसेखातर आलेला नाही. तोक्योहून शिंकानसेनने दोन तासांच्या आत तिथे पोचता येते. परदेशी प्रवासी या स्थानकावर फारसे उतरत नाहीत, पण रामेनचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मी सर्वांत आधी इथेच उतरायला सांगेन.

तोयामाची कथा याच जातीची आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग जवळजवळ पूर्ण जळाला. पुनर्बांधणीच्या कामावरचे तरुण मजूर डब्यात नुसता भात आणत. 'ताइकी'ने त्या भाताबरोबर कालवण म्हणून चालेल असे काळेभोर सूप केले, त्यात सोया सॉस आणि मिरी सढळ हाताने घातली. आज पर्यटकाला हे 'तोयामा ब्लॅक' फार खारट लागते, कारण तो ते भाताशिवाय खातो. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमात कारण मालाचे होते. तिथे मांस प्रक्रियेचा कारखाना होता, पुढे 'निप्पॉन हॅम' ही मोठी कंपनी झाली तिचे हे मूळ. कारखान्यातून डुकराची हाडे स्वस्तात मिळत. त्यातून तपकिरी सूप, वर गोडसर शिजवलेले मांस आणि कच्चे अंडे असा वाडगा उभा राहिला.

नागाहामात वेळ महत्त्वाची होती. फुकुओकाचा मासळी बाजार १९५५ मध्ये नागाहामा भागात आला. लिलावाच्या धावपळीत कामगारांना दोन-चार मिनिटांत खाऊन परतायचे असे. जाड नूडल्स शिजायला वेळ लागतो, म्हणून त्या बारीक केल्या, उकळत्या पाण्यात मिनिटभरही न राहणाऱ्या. पण बारीक नूडल्स सुपात भराभर मऊ पडतात, म्हणून एका वेळी थोड्याच वाढायच्या आणि उरलेल्या सुपात नूडल्सची दुसरी खेप घालायची. हीच 'काएदामा'ची पद्धत. आज दुबईपासून न्यूयॉर्कपर्यंत हाकाता रामेनच्या दुकानांत काएदामा मागवतात ती एक गंमत म्हणून. मुळात ती बाजाराच्या घड्याळाने लावलेली शिस्त होती. 'गान्सो नागाहामाया'त भल्या सकाळी गेलात तर त्या शिस्तीचा काही अंश अजून अनुभवता येतो.

या कथांत एक माणूस नेहमी मागे राहतो: नूडल्स बनवून देणारा. रामेनचे पीठ कान्सुई नावाच्या खाराने मळतात. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा हा खार आपल्या पापडखाराच्या जवळचा. त्यानेच पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. त्यापुढचा सारा फरक पाण्याच्या प्रमाणात आहे. हाकाताच्या पिठात पाणी अगदी कमी, म्हणून नूडल कोरडी, चटकन तुटणारी. किताकाताच्या पिठात पाणी भरपूर आणि ते मुरवत ठेवलेले, म्हणून ती चपटी, नागमोडी, लवचीक. हे ठरते ते बहुधा गावातल्या नूडल्सच्या कारखान्यात, कारण बहुतेक दुकाने नूडल्स तिथूनच घेतात. साप्पोरोत 'आजी नो सानपेइ'च्या ओमिया मोरितो यांनी १९५० च्या दशकाच्या मध्याला मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे, रामेन केले, हे सर्वश्रुत आहे. पण मिसोचे जड सूप पेलणारी कुरळी, पिवळी नूडल निशियामा या नूडल्स-उत्पादकाबरोबर घडली आणि त्यानेच ती शहरभर पुरवली. एका दुकानाचा प्रयोग शहराची चव झाला तो या पुरवठ्यामुळे. 'आजी नो सानपेइ' आता एका स्टेशनरीच्या मोठ्या दुकानाच्या चौथ्या मजल्यावर आहे. साप्पोरोच्याच सुसुकिनो भागातल्या प्रसिद्ध रामेन गल्लीत जाण्याआधी तिथे जावे.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. साप्पोरो आणि आसाहिकावा ज्यावर आहेत ते उत्तरेचे होक्काइदो बेट थंड, म्हणून तिथे चरबी आणि मिसो. यात कामधंद्याचा काय संबंध? आसाहिकावात १९०२ साली उणे ४१ अंश तापमान नोंदले गेले आणि तिथल्या सुपावर चरबीचा थर असतो, हे खरेच आहे. पण हाकोदातेही होक्काइदोतच आहे आणि तिचे रामेन मिठाचे, नितळ, हलके. उलट बाजूने यामागाता पाहा. हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडतो, आणि उन्हाळ्यात, १९३३ साली, याच शहराने ४०.८ अंशांचा राष्ट्रीय उच्चांक नोंदवला, जो २००७ पर्यंत टिकला. तिथे १९५२ मध्ये 'साकाएया'ने थंड रामेन काढले, सुपात बर्फाचे खडे घालून. उकाड्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ही कल्पना सुचली ती सोबाच्या, म्हणजे बकव्हीटच्या नूडल्सच्या, दुकानात. उन्हाळ्यात सोबा थंड खातात, मग रामेन का नाही, असे गिऱ्हाइकाने विचारल्याचे सांगतात. उकाडा तर जपानच्या अर्ध्या शहरांत असतो. तो प्रश्न मनावर घेणारा दुकानदार यामागातात होता. सरकारी कुटुंब-खर्च पाहणीत बाहेर रामेन खाण्यावरच्या खर्चात यामागाता शहर अलीकडे बहुतेक वर्षी पहिले असते. रामेनला एवढे मन लावून खाणारे गिऱ्हाईक हेही हवामानाइतकेच मोठे कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हायामिझु केनरो यांनी २०११ च्या 'रामेन तो आइकोकु' या पुस्तकात असे मांडले की गावोगावचे रामेन ही बरीचशी पर्यटनाने घडवलेली गोष्ट आहे. याला पुरावा आहे. साप्पोरोचे नाव देशभर झाले त्यात 'दोसानको' या साखळी दुकानांचा आणि 'साप्पोरो इचिबान' या पाकिटबंद नूडल्सचा मोठा वाटा आहे, आणि ते पाकीट गुन्मा प्रांतातल्या कंपनीचे. किताकाताला आधी लोक येत ते मातीच्या जाड भिंतींची जुनी कोठारे पाहायला. त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय म्हणून रामेन पुढे आले. मला हे सारे मान्य आहे. पण यावरून सिद्ध होते ते एवढेच की नाव उशिरा पडले. किताकातात लोक सकाळी सात वाजता रामेन खातात. 'बान्नाई शोकुदो' त्याच वेळी उघडते. ही सवय पाळीवरून सुटणाऱ्या कारखाना-कामगारांची आणि पहाटे शेतावर जाणाऱ्यांची म्हणून सांगितली जाते. प्रवाशांच्या बसगाड्यांसाठी कोणी सकाळी सातला सूप उकळत ठेवत नाही. जाहिरातीने गावाबाहेरचा लौकिक घडवला, गावातली न्याहारी नव्हे.

किताकातानेच या वादाला कायदेशीर रूप दिले. तिथल्या दुकानदारांच्या सहकारी संस्थेने 'किताकाता रामेन' या नावाची प्रादेशिक सामूहिक व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली. ती नाकारली गेली. २०१० मध्ये बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने संस्थेचे म्हणणे फेटाळले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही निकाल बदलला नाही. गावातली बरीच दुकाने संस्थेची सदस्य नव्हती आणि गावाबाहेरही हे नाव वर्षानुवर्षे वापरात होते, ही कारणे महत्त्वाची ठरली. संस्थेची निराशा समजण्यासारखी आहे, पण निकाल मला योग्य वाटतो. गावभर स्वतंत्र दुकानदारांनी आणि पुरवठादारांनी मिळून घडवलेल्या चवीला एक मालक सापडत नाही.

आता तिसरा आक्षेप व्यवहाराचा. सगळ्या प्रांतांचे रामेन तोक्योत मिळते, योकोहामात तर १९९४ पासून रामेनचे संग्रहालय आहे. मग गावोगाव कशाला हिंडायचे? वेळ कमी असेल तर संग्रहालयात जरूर जावे, त्याची थोरवी मोठी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाकायामाचे 'इदे शोतेन' आणि तोकुशिमाचे 'इनोतानी' तिथे गेले आणि ही दोन्ही रामेन देशाला माहीत झाली. मात्र वाडग्याभोवतीचे बरेचसे काही मागे राहते. वाकायामात टेबलावर मॅकरेल मासळीची सुशी आणि उकडलेली अंडी ठेवलेली असतात. आपल्या हाताने घ्यायची आणि पैसे देताना किती घेतली ते सांगायचे; कोणी मोजत नाही. मराठी प्रवाशाला वाकायामा प्रांताकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. इथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या वाटेने जाणाऱ्यांनी वाकायामा शहरात एक जेवण जरूर करावे. शाकाहारींना मात्र स्पष्ट सांगायला हवे की गावोगावच्या रामेनचे सूप हाडांचे किंवा मासळीचे असते आणि वरचे मांस काढून टाकल्याने ते शाकाहारी होत नाही. त्यांच्यासाठी तोक्यो स्थानकातले 'टीज तानतान' हा भरवशाचा पर्याय आहे.

चव कामधंद्याने घडली, म्हणूनच ती कामधंद्याबरोबर विरळही होते. ओनोमिचीचे 'शुकाएन' २०१९ मध्ये बंद झाले. शहरात त्याच घडणीचे सूप देणारी दुकाने अजून आहेत, पण मूळ चूल विझली. फुकुओकात एकेकाळी चारशेहून अधिक हातगाड्या होत्या, आता शंभराच्या आसपास उरल्या आहेत. २०१३ मध्ये शहराने त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली केली आणि नंतर जाहीर निवडीने नव्या चालकांना जागा द्यायला सुरुवात केली. या नव्या गाड्यांपैकी काहींवर रामेन नाही, दुसरेच पदार्थ आहेत. मला त्यात तक्रारीचे कारण दिसत नाही. १९४७ सालच्या गाडीवाल्यांनीही जवळ होते ते पीठ, मिळाली ती हाडे आणि समोर उभे होते ते गिऱ्हाईक पाहूनच चूल पेटवली होती.